हूं कोण म्हणणार? श्रावणातल्या चार ऑनलाइन रात्रींबद्दल

अंबाजोगाईत आमची पिठाची गिरणी आहे. रात्री साडेआठला मोटार बंद केली तरी तासभर कानात घरघर राहते आणि केसांतलं पीठ तर राहतंच. अशा अवतारात मी श्रावणातले चार शनिवार झूमवर गोष्टी ऐकल्या. शेजारी आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८२, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजव्यानं जरा जास्तच.

लिंक पोरानं पाठवली. तो पुण्याला असतो. लोककथा आणि पुराणकथा, दर शनिवारी रात्री नऊ ते साडेदहा, सांगणाऱ्या एक बाई आणि साथीला एक वादक. एका शनिवारचे १५० रुपये, चारींचे मिळून ५००. फी स्क्रीनमागं, बघणारी माणसं कितीही. खाली पोराचं वाक्य होतं, "आजीला लावून दे, वेळ जाईल तिचा." आजीनं वेळ जात नाही अशी तक्रार कधी केलेली नाही. ती तक्रार नेहमी पुण्याहूनच येते.

बाईंचं नाव लिहीत नाही. एक तर पैसे न भरता लिंक फिरवणारे गट आमच्या गावातही आहेत. दुसरं म्हणजे पुढं मी काही तक्रारी लिहिणार आहे, आणि त्या कुणाचं नाव घेऊन कराव्यात एवढ्या मोठ्या नाहीत. मी त्यांना ताई म्हणेन.

पहिला शनिवार. जेवणं आटपली, फोन दुधाच्या पातेल्याला टेकवून ओट्यावर उभा केला आणि आम्ही दोघी पाटावर बसलो. पडद्यावर साठेक चौकोन. कुणी दुबईतून, कुणी अमेरिकेतून, बाकी निम्मे पुणे-मुंबईचे. ताईंच्या मागं वारली चित्रांचा पडदा, तोंडावर गोल दिव्याचा उजेड. आत्याबाईंनी पहिला शेरा मारला, "उजेड लई झालाय. गोष्टीला एवढा उजेड लागत न्हाई."

ताईंनी सुरुवात केली खुलभर दुधाच्या कहाणीनं. आटपाट नगर, तिथला राजा, महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा त्याचा पण. गावानं घरातलं सगळं दूध नेऊन ओतलं, लेकरांच्या तोंडचं, वासरांच्या वाट्याचं, तरी गाभारा भरेना. मग ती म्हातारी. तिनं आधी लेकरांना पाजलं, वासरांना पाजलं, आणि उरलेलं खुलभर दूध देवाला नेलं. आमच्या घरात ही कहाणी दर श्रावणी सोमवारी वाचली जाते, त्यामुळं पुढं काय होणार हे ओट्यावरच्या पातेल्यालाही ठाऊक. पण ताईंनी एक गोष्ट छान केली. गाभाऱ्यात दूध ओतणाऱ्या गावकऱ्यांच्या मागं घराघरांत उपाशी राहिलेली लेकरं त्यांनी आधी ऐकवली, नुसत्या आवाजानं. एक रडणं, मग दुसरं, मग दावणीचं वासरू. नंतर म्हातारी आली तेव्हा हे आवाज एकेक करून बंद झाले. पोथीत हे नाही. मी तीस-बत्तीस श्रावण ती कहाणी ऐकलीय, पण लेकरांचं रडणं पहिल्यांदा ऐकलं.

आत्याबाई मात्र वेगळ्याच कामात होत्या. दर वाक्याला त्या "हूं" म्हणत होत्या.

ज्यांच्या घरी रात्री गोष्टी सांगणारी आजी होती त्यांना हे माहीत असेल. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. हूं आलं की पुढचं वाक्य, हूं थांबलं की ऐकणारा झोपला, गोष्ट तिथंच खुंटीला टांगायची आणि उद्या काढायची. लहानपणी आम्हा भावंडांत हूं म्हणायची पाळी लावलेली असायची. गोंधळातही तसंच. मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि मागचा जोडीदार त्याला अडवतो, खुळ्यासारखं काहीतरी विचारतो, "मग काय झालं?" म्हणतो. तो जोडीदार काढून टाका, मग बघा गोंधळाचं काय होतं.

तर आत्याबाई वीसेक मिनिटं इमानदारीनं हूं म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आपलं हूं तिला ऐकू जायलंय का?"

"नाही आत्याबाई. सगळ्यांचे आवाज बंद केलेत त्यांनी."

"कामून?"

"गोंगाट होतो म्हणून."

त्या थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. "मग कुणाला सांगायली ती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. एवढ्या पडद्यांत माणसं बसलीत, कुणी वरणभात कालवतंय, कुणी लेकराला मांडीवर घेऊन बसलंय, सगळ्यांची तोंडं हलतायत, आणि सांगणारीच्या कानावर मात्र काही नाही. त्या दिवशी ताई विनोदाच्या जागी थांबायच्या, हसू यावं म्हणून, आणि समोर नुसती शांतता. दोनदा त्या स्वतःच हसल्या. मला कसंसंच झालं. गिरणीत दळण नसताना जातं रिकामं फिरलं की असा आवाज येतो.

शेवटी वीस मिनिटं प्रश्नोत्तरं. ही माझी मोठी तक्रार. गोष्ट संपल्यावर कुणीतरी विचारलं, "दुधाचं प्रतीक काय?" आणि मग प्रतीक, स्त्रीवाद, व्यवस्था, सगळं बाहेर आलं. ताई हुशार आहेत, त्या बोलल्या ते चूक नव्हतं. पण म्हातारीनं गाभारा भरला होता, आणि आम्ही तो पुन्हा रिकामा करत बसलो. आत्याबाई "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणून केव्हाच उठल्या होत्या. तेव्हापासून आम्ही दर शनिवारी सव्वादहाला बाहेर पडायला लागलो. त्यात पैसे वाया जात नाहीत, उलट वाचतात.

तेवढ्यात अमेरिकेतल्या एका बाईनं सांगितलं होतं की त्यांच्याकडं आत्ता सकाळचे साडेअकरा वाजलेत. आत्याबाईंनी ते दारातून ऐकलं आणि परत आल्या. आमच्याकडं दिवसा गोष्ट सांगत नाहीत, मामा वाट चुकतो म्हणतात. त्यांना खरंच काळजी वाटली. "म्हंजी तिकडं दिवस हाय? मग त्यांचे मामा?" थोडा विचार करून स्वतःच म्हणाल्या, "त्यांचे मामा इकडंच असतील की. इकडं तर रात्र हाय." आणि झोपायला गेल्या. याच ताई लेकरांसाठी रविवारी सकाळी अकराची वेगळी बॅच घेतात हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुसरा शनिवार माहूरच्या रेणुकेचा. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. जमदग्नी गेल्यावर परशुराम खांद्यावर कावड घेऊन निघतो, एका बाजूला बापाचा देह, दुसऱ्या बाजूला आई. माहूरला दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून अंत्यविधी होतो, आई सती जाते. मग लेकाला आईची आठवण अनावर होते. आकाशवाणी सांगते, आई जमिनीतून वर येईल, पण मागं वळून बघू नकोस. तो बघतो. तोवर मुख तेवढं वर आलेलं असतं. म्हणून माहूरला देवीचं मुखच आहे, पूर्ण मूर्ती नाही. मी दोनदा माहूरला गेलेय. तो शेंदरी, भला मोठा मुखवटा आणि तोंडातला तांबूल बघून हात जोडलेत, पण तो अर्ध्यावर थांबलेला जन्म आहे हे त्या रात्रीपर्यंत अंगावर आलं नव्हतं. ताईंनी परशुरामाचं वळून बघणं लांबवलं. मान किती वळली, कान आधी, मग गाल. मी हातातलं निवडायचं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

आणि नेमकं तिथं संबळ गेलं.

साथीदार संबळ वाजवत होता, म्हणजे त्याचे हात हलत होते. दोन भांडी एकमेकांना बांधलेली, एक काठी सरळ आणि एक वाकडी. पण आमच्याकडं ऐकू येत होतं ते पाण्याच्या टाकीत कुणी खडे टाकावेत तसं काहीतरी. टुक. मग काहीच नाही. मग पुन्हा टुक टुक. तुणतुणं तर पूर्णच गायब. आधी वाटलं आमचं नेट. नेट आमचं महान आहेच, पण ताईंचं बोलणं स्वच्छ येत होतं. दुसऱ्या दिवशी पोराला फोन केला. त्यानं समजावलं ते असं. झूमला माणसाचं बोलणं तेवढा आवाज वाटतो, बाकी सगळी कटकट. पंखा, कुत्रं, मिक्सर आणि संबळ, सगळं तो एकाच टोपल्यात घालून फेकून देतो. त्यासाठी सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड" नावाची सोय असते, ती वाजवणाऱ्याच्या बाजूनं चालू करावी लागते. मग तो आवाजाला हात लावत नाही.

मी हे व्हॉट्सॲपवर ताईंच्या व्यवस्थापकाला लिहिलं. लिहिताना वाटलं, गिरणीवाल्या बाईचं कोण ऐकतंय. पण दोन तासांत उत्तर आलं, आभार मानलेले, आणि तिसऱ्या शनिवारी संबळ असं वाजलं की समोरच्या घरातून विचारणा झाली, "कुणाकडं गोंधळ हाय का?" सेवेचे गुण द्यायचे तर इथं पूर्ण द्यावेत. तक्रार ऐकून घेणारे पुष्कळ असतात, आठवड्यात दुरुस्त करणारे कमी.

त्याच निरोपात मी हुंकाराचंही लिहिलं होतं. आत्याबाईंचा प्रश्न जसाच्या तसा.

तिसऱ्या शनिवारी ताईंनी सांगितलं की आजपासून प्रत्येक गोष्टीला एका घराचा आवाज चालू ठेवणार, ते घर हुंकारी. पहिल्या गोष्टीला नाशिकचं एक लेकरू होतं, ते हूं कमी आणि "मम्मी, माझा आवाज येतोय का?" जास्त म्हणालं. दुसरी गोष्ट होती आमच्याच योगेश्वरीची, आणि हुंकारी म्हणून नाव आलं आमचं.

आत्याबाईंनी पदर सारखा केला. मी फोन त्यांच्या उजव्या कानाशी धरला.

पहिल्या पाच मिनिटांतच ताईंची अडचण कळली. हूं उशिरा पोचतं. आत्याबाईंनी इथं म्हटलेलं तिकडं जाईपर्यंत ताईंचं पुढचं वाक्य सुरू झालेलं, मग हूं त्याच्या मधोमध येऊन आदळायचं. ताई दोनदा अडखळल्या. आणि मग, हे मला बघायला फार आवडलं, त्यांनी चाल बदलली. वाक्य लहान केलं. शेवटी श्वास घेतला. हूंची वाट पाहिली. हूं आलं की पाऊल पुढं. पहिल्या शनिवारी धावत सुटलेली गोष्ट आता जात्यावर बसल्यासारखी चालायला लागली. एक खुंटा त्यांच्या हातात, एक आमच्या.

योगेश्वरीची कथा अशी. कोकणातली ही देवी, तिचं लग्न ठरलं परळीच्या वैजनाथाशी. वऱ्हाड निघालं, वाटेत इथं उशीर झाला, कोंबडा आरवला, मुहूर्त टळला. वऱ्हाड होतं तिथं दगडाचं झालं आणि देवी इथंच कुमारिका राहिली. गावाबाहेर हत्तीखान्याच्या लेण्यांत दगडी हत्ती आहेत, ते त्या वऱ्हाडातलेच, असं आम्ही शाळेच्या सहलीपासून ऐकत आलोय. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता. दर सुट्टीत तिकडच्या पाट्यांच्या गाड्या येतात, उन्हानं वैतागतात, ओटी भरतात आणि आमच्याकडं पाण्याची बाटली कुठं मिळेल विचारायला थांबतात.

ताई रंगात आल्या होत्या. कोंबडा आरवला. वऱ्हाड दगड झालं. आणि मग म्हणाल्या, "देवी रडली. परळीच्या वाटेकडं बघत रात्रभर रडली."

हूं आलं नाही.

ताई थांबल्या. त्यांना वाटलं, नेट. "आजी, आहात ना?"

"हाय की."

"मग हूं?"

"ते तसं न्हाई."

साठ चौकोन एकदम सावध झाले. माझ्या हाताला घाम. आत्याबाई फोनमध्ये नाही, शेजारच्या बाईशी बोलावं तसं बोलल्या. "रडली बिडली न्हाई ती. परळी हाय पंचवीस किलोमीटर. जायचंच असतं तर दुसऱ्या दिवशी गेली असती की चालत. तिला जायचंच नव्हतं. जागा आवडली, बसली. मुहूर्ताचं निमित्त बाईला चांगलं असतंय."

मी त्या घरात अठ्ठावीस वर्षं सून आहे. हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आम्ही देवळात इतक्यांदा गेलो, कधी बोलल्या नाहीत. विचारलं नव्हतं म्हणा कुणी.

ताईंचं कौतुक असं की त्यांनी "वा, किती सुंदर" वगैरे म्हणून विषय गुंडाळला नाही. त्यांनी विचारलं, "मग आजी, पुढं कसं?" आणि त्या स्वतः हूं म्हणायला लागल्या. आत्याबाई चार-पाच मिनिटं बोलल्या. कोंबडा खरा नव्हताच, देवीनंच आवाज काढला असेल, इथपर्यंत गेल्या. हे कुठल्या माहात्म्यात आहे असं विचारू नका. मी पुजाऱ्यांनाही विचारणार नाही. मध्येच लाईट गेली, वायफाय गेलं, पडदा गोठला, ताईंचं तोंड अर्धं उघडं राहिलं. मी फोनच्या नेटवर परत जोडेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. तेवढा वेळ अंधारात आत्याबाई सांगतच होत्या, आणि हूं मी म्हणत होते. परत जोडलो तर ताई तिसऱ्या गोष्टीवर गेलेल्या, आवाज बंद, आम्ही पुन्हा साठातलं एक.

चौथा शनिवार जांभूळ आख्यानाचा. हे गोंधळ्यांचं आख्यान. परभणीचे राजारामभाऊ कदम ते लावायचे, आणि शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवलं. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं, हाही नवरा असता तर. कृष्णाला ते कळतं. वनात एक जांभूळ तोडलं जातं, आणि ते देठाला परत लावायचं तर ज्यानं त्यानं मनातलं खरं बोलायचं. द्रौपदीनं कर्णाचं नाव घेतल्याशिवाय ते लागत नाही. सासूशेजारी बसून हे ऐकायचं म्हणजे मला आधीपासून अवघड वाटत होतं. ताईंनी पण थोडी भीती बाळगली असावी. द्रौपदी कबूल करते ती जागा त्यांनी पटकन उरकली, आणि शेवटी "त्या काळाच्या मानानं धाडसी" अशी एक शेपटी जोडली. गरज नव्हती. गोंधळी हे लग्नघरात, देवीसमोर, लेकीबाळींपुढं सांगत आले आणि कुणी माफी मागितली नाही. ऐकून आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "जांभूळ लागलं ना परत? मग झालं तर."

काही किरकोळ. एका रात्रीला साधारण पाऊण जीबी जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसतं, पण त्या दिवशी दुपारी रील बघू नयेत. सात दिवस रेकॉर्डिंग बघायला मिळतं. मी एकदा लावलं, तर आत्याबाई उठून गेल्या. शिळी गोष्ट नको म्हणाल्या, आणि तिथं हूं म्हणून उपयोग काय हेही बरोबर. ताई "कॅरेक्टर" आणि "ट्विस्ट" हे शब्द फार वापरतात. तो गोल दिवा चौथ्या शनिवारीही होता, त्याबद्दल मी लिहिलेलं नाही, सगळंच कसं सांगायचं.

नवरात्राच्या नऊ रात्रींची मालिका जाहीर झालीय, ९०० रुपये. मी भरले. योगेश्वरीचं मोठं नवरात्र मार्गशीर्षातलं असतं, तेव्हाही ठेवा असं लिहून पाठवलंय, बघू. आत्याबाईंनी यंदा फोन स्वयंपाकघरात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. ओसरीत सतरंजी घालायची, आणि गल्लीत त्यांनी निरोप देऊन झालाय. काल मोजलं तर अकरा जणी होतात, लेकरं सोडून. फी एका स्क्रीनची भरलेली आहे. नियमात बसतं. ताईंनी हे वाचलंच तर एवढंच सांगते, आमच्या घराचा आवाज चालू करायच्या आधी जरा विचार करा.